वनौषधी व पोटातील व्रण : प्रयोगात काय पाहतात?

आमच्या सुलतानपूर भागात पोटात आग पडली की कुणी ज्येष्ठमधाची कांडी चघळतो, कुणी शतावरीचे चूर्ण दुधातून घेतो. पुड्यांवर 'प्रयोगाने सिद्ध' असेही छापलेले आढळते. आम्ही बँकेतले कारकून, कला शाखेचे पदवीधर. तरी हा प्रयोग असतो कसा, हे समजून घ्यावेसे वाटले. विद्यार्थी मित्रांस उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

बहुधा हा प्रयोग उंदरांवर होतो. उपाशी ठेवलेल्या उंदरांचे गट पाडतात. एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला वनस्पतीचा अर्क, तिसऱ्याला माहितीतले औषध. नंतर सर्वांना ॲस्पिरीन किंवा मद्यार्क देऊन जठरात मुद्दाम व्रण पाडतात. जठराचे खालचे तोंड बांधून आम्ल साठवण्याचीही एक पद्धत आहे. ती शे यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. शेवटी उंदीर मारून जठर उघडतात, व्रण मोजतात, आकारानुसार गुण देतात. अर्काच्या गटाचे गुण पाण्याच्या गटापेक्षा कमी भरले, तर अर्काने संरक्षण केले असे म्हणतात.

येथेच मेख आहे. अर्क आधी दिलेला, व्रण नंतर पाडलेला. आपण मात्र व्रण झाल्यावर पुडी आणतो!

तरीही हे काम वाया जात नाही. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात सन्याल व सहकाऱ्यांनी कच्च्या केळ्याची भुकटी प्राण्यांना देऊन पाहिली, तेव्हा व्रण कमी झाले. पुढे तेथेच जठराचे अस्तर जाड होत असल्याचे आढळले. कुडाची भिंत लिंपावी तसा हा प्रकार. ज्येष्ठमधाचा गुण १९४६ साली नेदरलँडच्या रेव्हर्स यांनी रुग्णांत नोंदवला. त्यातून कार्बेनोक्झोलोन हे औषधही निघाले. पण दोहोंनी अंगावर सूज येते, रक्तदाब वाढतो. जमेबरोबर नावेची बाजूही वाचावी लागते.

शिवाय १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन यांना व्रणामागचा जंतू सापडला (२००५ चे नोबेल त्यासाठीच). ॲस्पिरीन पाजलेल्या उंदराच्या प्रयोगात हा जंतू नसतोच. त्याला प्रतिजैविकेच लागतात.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेत व वरून ज्येष्ठमध. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, तरी ते पुड्याच बदलत राहिले. मेहकरला नेले तेव्हा रक्त चढवावे लागले. डॉक्टरांनी गोळ्यांचे नाव विचारले, तर घरात कुणालाच सांगता येईना. वेष्टन चुलीत गेले होते.