मे महिन्यातही इंजिन थंडच सुरू होतं

मे महिन्याच्या दुपारी मुरुडला पारा चाळिशीच्या पुढे असतो. लातूर-बार्शी रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लाववत नाही. एवढ्या उन्हात इंजिन आधीच तापलेलं असणार, असं समजून आपल्याकडचे कितीतरी लोक चावी फिरवतात आणि गाव संपताच पाय दाबतात. तेच लोक डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं दारात उभी ठेवतात, ‘इंजिन गरम होऊ द्या’ म्हणून. या दोन्ही सवयी गाडीचं आयुष्य कमी करतात. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे: इंजिनाचं तापमान हवेवरून ठरवण्याची.

पूर्वी हा विषय महागड्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा होता. आता टाटा नेक्सॉनसारख्या गाडीतही टर्बो इंजिन आणि इको, सिटी, स्पोर्ट असे मोड येतात. अशा गाड्या आपल्या गल्लीत उभ्या आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज : उन्हाळ्यात इंजिन गरम करायची गरज नाही.

इंजिनाचं ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसला नीट काम करतं. उन्हात तापलेल्या गाडीतलं ऑइल फार तर ४०-५० अंशांवर असतं. आपल्याला ते चटका देणारं वाटतं, इंजिनाच्या हिशोबाने ते थंडच. ५डब्ल्यू-३० हे आज सर्रास वापरलं जाणारं ऑइल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या जवळपास सहावा हिस्साच १०० अंशांना उरतं. थंड काकवी आणि कढईतली उकळती काकवी यांत जेवढा फरक, तसाच हा. घट्ट ऑइल अरुंद वाटांतून हळू सरकतं, आणि त्याच वेळी इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर नेलं तर झीज वाढते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तो आणि सिलिंडर वेगवेगळ्या गतीने फुगतात, त्यांच्यातलं अंतर ठरलेल्या मापावर यायलाही वेळ लागतो.

यात एक गोष्ट हमखास निसटते. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कूलंट लवकर तापतं, ऑइल मागून. काटा मध्यावर आला तरी आणखी काही किलोमीटर सबुरीने चालवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या २००० साली आलेल्या एम३मध्ये यासाठी आरपीएमच्या तबकडीवर दिवे दिले होते. ऑइल तापेल तसे ते एकेक करून विझत आणि चालकाला वरच्या फेऱ्यांची मोकळीक मिळे. आपल्या गाड्यांत असे दिवे नसतात, ते काम पायाने करायचं.

मग जागेवर गाडी गरम करणं? ही सवय कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातली आहे. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी थंडीत लगेच हलवली तर बंद पडायची, म्हणून ती रीत योग्य होती. इंजेक्शनच्या गाडीत संगणक स्वतः पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते अतिशय सावकाश तापतं. तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल आत जात राहतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक अडचण आहे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंशांचा धूर लागतो, आणि उभ्या गाडीत तो मिळत नाही. लातूरमध्ये पहाटे पारा १०-१२ अंशांवर असला तरी सुरू केल्यावर अर्धं मिनिट पुरे. मग निघावं, आणि पहिले पाच-सात किलोमीटर फेऱ्या अडीच हजारांच्या आत ठेवाव्यात. उन्हाळ्यातही हेच.

गैरसमज : स्पोर्ट मोड लावला की इंजिन तापतं.

बहुतेक गाड्यांत हे बटण पायाला मिळणारा प्रतिसाद बदलतं आणि ऑटोमॅटिक गिअर असेल तर खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतं. उष्णता येते जळलेल्या इंधनातून. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामात बदलतो, साधारण तेवढाच कूलंटमधून बाहेर जातो आणि उरलेला धुरातून. एकाच वेगाने सपाट रस्त्यावर जाताना स्पोर्ट मोडमुळे फेऱ्या थोड्या वाढतील, पण तापमानात विशेष फरक पडत नाही. काही इंजिनांत तर उलटच घडतं. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या थर्मोस्टॅटवर संगणकाचा ताबा आहे. गाडी हलक्या पायाने चालवली तर तो कूलंट ११२ अंशांपर्यंत राहू देतो, म्हणजे घर्षण कमी होऊन इंधन वाचतं. जोरात हाकायला लागलं की तेच ८० अंशांच्या आसपास उतरवायला बघतो.

मला जास्त काळजी वाटते ती इको मोडच्या नावाखाली होणाऱ्या दुसऱ्या चुकीची. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकल्यावर पाचव्या गिअरमध्ये हजार-बाराशे फेऱ्यांवर गाडी रेटायची आणि तिथूनच पाय पूर्ण दाबून ओव्हरटेक करायचा. छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनात कमी फेऱ्यांवर एवढा भार टाकला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनला इजा होते. अशा वेळी गिअर उतरवा. आवाज वाढला तरी इंजिनाला ते सोसतं.

आता उन्हाचा खरा परिणाम. तो रेडिएटरवर होतो. कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जेवढं अंतर, तेवढी उष्णता बाहेर पडते. कूलंट ९५ अंशांवर असताना हवा १२ अंशांची असेल तर अंतर ८३ अंशांचं; मे महिन्यात हवा ४२ अंशांची असेल तर ५३. म्हणजे रेडिएटरची ताकद हिवाळ्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते, त्यात पुढे एसीचा कंडेन्सर गरम हवा सोडत असतो. जाळीत अडकलेली धूळ, पाचटाचा भुगा साफ करणं म्हणूनच महत्त्वाचं.

इथेच सर्वांत घातक गैरसमज रुजला आहे: गाडी गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका. हा सल्ला आपल्या भागात सहज दिला जातो. थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या आसपास उघडतो, तोवर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, हिवाळ्यात तर ते नीट तापतच नाही. संगणक इंजिन थंडच आहे असं धरून जास्त इंधन देत राहतो, मायलेज पडतं, झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर चुकवून जाणारी आडवाट बंद करतो. तो नसला की बरंच पाणी त्या आडवाटेनेच फिरतं, आणि ज्या भीतीने तो काढला ते ओव्हरहीटिंग भर उन्हात जास्त होतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवायचा. त्याची किंमत सिलिंडर हेडच्या कामापुढे काहीच नाही.

पाण्याचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टंचाई अंगवळणी पडलेल्या भागात रेडिएटरमध्ये मिळेल ते पाणी ओतलं जातं, बहुधा बोअरचं. त्यातले क्षार आतल्या नळ्यांत थर धरतात आणि उष्णता अडवतात. शिवाय आपलं पठार सहाशे मीटरहून उंच आहे, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंट उकळण्याचा बिंदू वर नेतं आणि गंजही रोखतं, रेडिएटरच्या झाकणाचा दाब तो बिंदू आणखी वर नेतो. झाकणाचं रबर सैल झालं असेल तर महागडं कूलंटही वाया. आणि गाडी उकळलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. गरम झाकण उघडू नये, तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नये, हेडला तडा जातो.

टर्बोबद्दल एवढंच, की त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो. बार्शीहून दामटत आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने या, किंवा मिनिटभर गाडी चालू ठेवून मग बंद करा. नाहीतर तिथलं ऑइल जळून कोळसा धरतं. गाडी बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर तो बिघाड नव्हे.

काटा मध्यावर आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. अनेक गाड्यांत तो साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम एकाच जागी ठेवलेला असतो, आणि तो हलला तेव्हा उशीर होत आलेला असतो. यंदाचा उन्हाळा लागायच्या आत कूलंटची पातळी, झाकण आणि पंखा तपासून घ्या, आणि कुणी तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर तो परत बसवून घ्या.