घाटरस्त्यांसाठी मोटारसायकलच्या ब्रेकमधील सुधारणा

मोटारसायकलच्या ब्रेकमधील सुधारणा म्हणजे कारखान्यातून आलेल्या ब्रेकचे काही भाग बदलून त्यांची पकड, उष्णता सोसण्याची क्षमता किंवा लिव्हरवरील नियंत्रण वाढवणे होय. सपाट मुलखात हा बहुधा हौसेचा विषय असतो. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर परिसरात तो सुरक्षिततेचा ठरतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या गावाहून पाचगणीमार्गे वाईकडे पसरणी घाट, मेढ्याकडे केळघर घाट आणि कोकणात पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरतो.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक वाहनाची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो. दोन स्वारांसह ३०० किलो वजनाची मोटारसायकल ताशी ६० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी १,००० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २,९४० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजे तशा ७० थांब्यांइतकी. एवढ्या उष्णतेने साधारण नऊ लिटर थंड पाणी उकळीला येईल. हवेचा रोध आणि इंजिन यांनी उचललेला वाटा वगळता उरलेला सर्व भार ब्रेकवर पडतो. पोलादपूरची उतरण १,००० मीटरहून अधिक आहे.

तापलेल्या पॅडचे घर्षण कमी होऊन ब्रेक क्षीण होण्यास ब्रेक फेड म्हणतात. या स्थितीत लिव्हर घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळल्यास याउलट घडते: नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण तो जवळजवळ पूर्वसूचनेशिवाय येतो.

सुधारणांचा क्रम

या कारणाने सर्वांत स्वस्त सुधारणा, म्हणजे ताजे ब्रेक ऑइल, घाटात सर्वांत मोलाची ठरते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. नावात साम्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारित ऑइल असून ते या दोहोंत मिसळत नाहीत.

त्यानंतर पॅडचा विचार येतो. सेंद्रिय पॅड मऊ व शांत असतात, परंतु जास्त तापल्यास त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. धातुचूर्ण तापवून बनवलेले सिंटर्ड पॅड उष्णतेत आणि पावसात अधिक भरवशाचे असतात. वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात हा गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र ते डिस्क लवकर झिजवतात, म्हणून डिस्क त्यांना अनुरूप आहे का हे उत्पादकाच्या माहितीवरून तपासावे लागते. जुनी रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते. स्टीलच्या जाळीची नळी लावल्यास लिव्हरची जाणीव नेमकी होते, पण ब्रेकची उष्णता सोसण्याची क्षमता वाढत नाही.

मोठी डिस्क आणि अधिक पिस्टनांचा कॅलिपर यांचे आकर्षण मोठे असले तरी त्यांचा क्रम शेवटचा. २८० मिमीऐवजी ३२० मिमी व्यासाची डिस्क बसवल्यास त्याच जोरात थांबवण्याची शक्ती जेमतेम १४ टक्के वाढते. वाढलेल्या वस्तुमानामुळे उष्णता सामावण्याचा लाभ अधिक असतो. कॅलिपरच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढवून मास्टर सिलिंडर तोच ठेवल्यास लिव्हर अधिक आत जातो. टायरची रस्त्यावरील पकड संपली की यांपैकी कोणताही भाग उपयोगी पडत नाही. झिजलेल्या टायरवर महागडा कॅलिपर ही व्यर्थ गुंतवणूक होय.

एबीएस आणि कायदा

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस अनिवार्य आहे. ही यंत्रणा चाक जखडू देत नाही. उष्णता मात्र कमी करत नाही. डिस्क किंवा चाक बदलताना तिच्या संवेदकाचे दातेरी कडे मूळ मापाचेच राहणे आवश्यक असते. नोंदणीतील तपशील मूळ उत्पादनापेक्षा वेगळा होईल असे फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे.

उतरणीवरील वापर

चढताना लागणाऱ्या गिअरमध्येच उतरल्यास इंजिनाचा रोध बराच भार उचलतो. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास तो लाभ नाहीसा होतो. मागच्या ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवल्याने तो थंड होत नाही. थोडा वेळ जोराने दाबून पूर्ण सोडणे हितकर असते. नवे पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी प्रथम सपाट रस्त्यावर अनेकदा हलके ब्रेक लावावे लागतात.