संवत्सरीनंतरची सभा

संवत्सरीला एकमेकांच्या दारी जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारे शेजारी तीन आठवड्यांनी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या पंपावरून आवाज चढवतात, हा दरवर्षीचा अनुभव. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते आणि पर्युषणात ती ठेवण्यास कोणी राजी नसते.

पुण्यातील एका जुन्या पेठेलगतची ही इमारत १९८८ सालची, चोवीस बिऱ्हाडांची. निम्म्याहून अधिक बिऱ्हाडे व्यापारी जैन कुटुंबांची. गणसंख्येसाठी सोळा सभासद आवश्यक होते. साडेचारला जमले अकरा. नियमाप्रमाणे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, त्यामुळे पाच वाजता तेच अकरा जण चोवीस घरांचे निर्णय घेण्यास बसले.

पहिला विषय ताळेबंदाचा. दुकानाचा रोजमेळ एका रुपयाने चुकला तर ज्यांना झोप येत नाही, ती माणसे सोसायटीचा ताळेबंद घडीही न मोडता खिशात ठेवतात, हे नवलच. यंदा मात्र तिसऱ्या मजल्यावरील सनदी लेखापाल सूनबाईंनी तो उघडला. इमारतीच्या संरचनात्मक तपासणीत दुरुस्तीचा अंदाज अडतीस लाखांचा निघाला होता, आणि सिंकिंग फंडात होते अकरा लाख.

‘इतकी वर्षे भरलेले पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न तत्काळ आला. पैसे कोठेही गेले नव्हते. आदर्श उपविधींनुसार हा निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का दराने गोळा होतो, आणि बांधकाम खर्च म्हणजे इमारत उभी राहिली तेव्हाचा, जमिनीची किंमत वगळून. या इमारतीत तो सदनिकेमागे दोन लाख होता. म्हणजे वर्षाला पाचशे रुपये, चोवीस घरांचे बारा हजार. सदतीस वर्षांची मुद्दल चार लाख चव्वेचाळीस हजार, बाकीचे व्याज. तेही अधिक झाले असते, परंतु कित्येक वर्षे रक्कम मुदत ठेवीऐवजी बचत खात्यातच पडून होती. सिमेंट, लोखंड आणि मजुरीचे दर आजचे आणि वर्गणी १९८८ची, हा हिशेब कोणत्याही पेढीवर क्षणभरही टिकला नसता. उपविधी ‘किमान’ म्हणतात. दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. तो कधी वापरलाच गेला नाही, कारण वर्गणी वाढवणारी समिती पुढच्या निवडणुकीत पडते.

तूट सत्तावीस लाखांची, म्हणजे घरामागे एक लाख साडेबारा हजार. दोन सदनिका भाड्याने दिलेले कापड व्यापारी एकरकमी भरण्यास तयार होते. तळमजल्यावरील निवृत्त शिक्षक काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले. अखेर त्या व्यापाऱ्यांनीच सूचना मांडली, की सर्वांनी अठरा हप्त्यांत, महिना सहा हजार दोनशे पन्नास रुपये भरावेत. आपल्याला सवलत नको, सर्वांना एकच नियम असावा, असे ते म्हणाले. शिक्षकांचा हात सर्वांत आधी वर झाला.

जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा विषय पाच मिनिटांत उरकला, जो खरे तर तासभर चालायला हवा होता. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत विकासकाने जमीन तिच्या नावे करून द्यावयाची असते. येथे ती आजही त्याच्याच नावे आहे. पुढे पुनर्विकासाची वेळ आली तर हीच बाब आड येईल. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्याचे एकदाचे ठरले.

मग पारवे. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हापासून या इमारतीतही हा विषय धुमसत होता. चौथ्या मजल्यावरील आजी चाळीस वर्षे, लग्नानंतरच्या पहिल्या घरापासून, रोज पहाटे पाखरांना ज्वारी टाकत आल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरील मुलाला दमा आहे, आणि पारव्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते हे डॉक्टरांनी त्याच्या आईला बजावले होते. ती बोलू लागताच कोणी ‘जीवदया’ म्हणाले, कोणी ‘घाण’ म्हणाले. दोन्ही शब्द सारख्याच रागाने.

उत्तर आले ते आजींच्याच सुनेकडून. “आई, चातुर्मासात आपण धान्य निवडूनच घेतो, ओल लागू देत नाही. खालच्या पत्र्यावर भिजलेल्या ज्वारीत रोज अळ्या होतात. मी पाहते, तुम्हाला वरून दिसत नाही.” सभागृहात कोणी काही बोलले नाही.

आजींनी बराच वेळ पदराचे टोक बोटांना गुंडाळले. “मग मी पहाटे करू काय?” त्यांनी विचारले.

महिन्याची ज्वारी पांजरपोळाला पोहोचवण्याचे ठरले. तिची किंमत आजींच्याच बटव्यातून. दुसऱ्या दिवशी पत्रा धुण्याचे काम कार्यवाहांनी स्वतःकडे घेतले. सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली होती, चौविहार असलेली मंडळी उठू लागली. आजी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि त्यांनी त्या मुलाच्या दाराची कडी वाजवली.