ब्रेक फेल झालेली पेशी

प्रताप नगरच्या कुठल्याही पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा आपल्याला नवीन नाही. आपल्या बॅचमध्येही खिशात पुडी ठेवणारे आहेत (नावं घेत नाही!). त्यातला एक मला म्हणाला, "टेन्शन नको घेऊ बे, आता कॅन्सरवर गोळ्या निघाल्या ना!" म्हणून हा लेख.

मित्रहो, गोळ्या निघाल्या हे खरं आहे. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या चांगल्या-वाईट सगळ्याच पेशींना झोडपते. टार्गेटेड औषध मात्र बिघडलेल्या जीनने बनवलेलं नेमकं प्रोटीन गाठून ते बंद पाडतं. रक्ताच्या एका कॅन्सरवर २००१ साली आलेलं इमॅटिनिब असंच. 'बंद पाडतं' हे शब्द लक्षात ठेवा.

गालात तंबाखू धरून ठेवणाऱ्यांना गाल-हिरडीचा कॅन्सर होतो. बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं ॲक्ट्रेक, यांच्या गटाने त्यातली म्युटेशन्स २०१३ साली प्रसिद्ध केली. टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेस-८, नॉच-१, एच-रास. यातले पहिले चार जीन म्हणजे पेशीचे ब्रेक! ॲक्सिलरेटर अडकला तर वायर कापता येते. ब्रेकच फेल असेल तर बंद काय पाडणार? तिथे मोडलेलं प्रोटीन दुरुस्त करावं लागतं, आणि ते फार कठीण.

राहिला एच-रास, तो ॲक्सिलरेटर. पण हाही वस्तादच. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे औषधाला पकडायला खाच सापडत नाही. मग संशोधकांनी वळसा घेतला. रास प्रोटीन पेशीच्या आवरणाला आतून चिकटलं तरच काम करतं, आणि चिकटण्यासाठी त्याला एक तेलकट शेपूट लागतं. ते जोडणारं एन्झाइम टिपिफार्निब अडवतं.

आता गंमत बघा. त्याचा भाऊ के-रास दुसरं शेपूट लावून निसटतो, म्हणून तिथे हा डाव फसला. (के-रासच्या एका ठरावीक म्युटेशनवर सोटोरासिब आलं ते २०२१ साली, तेही फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी.) एच-रासला दुसरं शेपूट चालत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये टिपिफार्निबला एच-रासवाल्या डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी खास दर्जा दिला. पण दर्जा म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे. शिवाय हे म्युटेशन मोजक्याच रुग्णांत सापडतं.

बाकीच्यांसाठी मुख्य उपचार अजून ऑपरेशन आणि रेडिएशन हेच. त्या ऑपरेशनमध्ये अनेकदा जबड्याचं हाडही काढावं लागतं.