डोलकाठीला जागा हवी

ओहोटी लागली की सातपाटीच्या खाडीत बोटी गाळावर टेकतात. समोर मुरबे, मध्ये पाण्याची बारीक धार, डावीकडे उघडा समुद्र. हे सगळं एका फोटोत यावं असं मला फार वाटतं, आणि त्याची घाईही आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. किनाऱ्याची धूप तर जुनीच. आजचा किनारा बारकाव्यांसकट टिपून ठेवायचा, तर फिल्म कुठल्या मापाची घ्यावी?

सर्वांत जुनी युक्ती जोडकामाची. छायाचित्रकार फेलिस बिआतोने १८५८ साली लखनौची विस्तीर्ण दृश्यं शेजारशेजारचे छापे जोडून उभी केली. पण त्याच्यासमोर इमारती होत्या. इथे दोन चौकटींच्या मध्ये बोट हलते आणि सांध्यावर एकच डोलकाठी दोनदा उमटते.

वाइडलक्स किंवा रशियन होरायझन या कॅमेऱ्यांत लेन्सच फिरते आणि एक अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. होरायझन २०२ मध्ये साध्या ३५ मिमी रोलवर २४ × ५८ मिमीचं निगेटिव्ह मिळतं, नजर १२० अंशांची. मात्र सरळ बांधलेला धूपप्रतिबंधक बंधारा त्यात धनुष्यासारखा वाकतो. लेन्स फिरते त्या दिशेने चाललेली बोट ताणली जाते, उलट येणारी आखडते. गंमत म्हणून ठीक. नोंद म्हणून मला हे चालणार नाही.

१९९८ साली हॅसलब्लाड आणि फुजी यांनी मिळून एक्सपॅन आणला. रोल तोच ३५ मिमी, चौकट २४ × ६५, छत्तीसच्या रोलवर २१ फोटो. लेन्स स्थिर, त्यामुळे रेषा सरळ राहतात. पापलेटसाठी दालदी जाळी घेऊन खोल समुद्रात निघालेल्या बोटीवर, खलाशांच्या गर्दीत, हातात धरून काम करायचं तर याच्याइतका सोयीचा कॅमेरा दुसरा नाही. पण निगेटिव्हची उंची अवघी २४ मिमी. भिंतभर छापा काढला की वलांडीवर वाळत घातलेले बोंबील वेगवेगळे दिसत नाहीत, नुसती करडी झालर दिसते.

दुसऱ्या टोकाला १२० रोलवरचं ६ × १७ सेंमी. एका रोलवर चारच फोटो. ९० मिमीची लेन्स ८६ अंश पाहते, पण कडा काळवंडतात. त्यासाठी मधोमध गडद असलेला फिल्टर लावावा लागतो आणि तो प्रकाश खातो. शिवाय एवढं लांब निगेटिव्ह ४ × ५ इंची एन्लार्जरमध्येही मावत नाही. यातून क्षितिज देखणं येतं यात शंका नाही. पण सातपाटी म्हणजे नुसतं क्षितिज नव्हे. तिपटीने लांब असलेल्या त्या पट्टीत डोलकाठी आणि तिच्यावरचं निशाण कापलं जातं, किंवा ते वाचवायला इतकं मागे सरावं लागतं की माणसं मुंगीएवढी होतात.

म्हणून माझा कौल ६ × १२ ला. निगेटिव्ह जवळपास ५६ × ११२ मिमी, लांबी उंचीच्या दुप्पट. रोलवर सहा फोटो, आणि ४ × ५ च्या एन्लार्जरमध्ये ते बसतं. ४ × ५ इंची व्ह्यू कॅमेऱ्याला ६ × १२ चा रोल होल्डर लावला, की आणखी एक गोष्ट साधते आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते: कॅमेरा पाणसळीत ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. क्षितिज खाली उतरतं, डोलकाठ्या शेंड्यापर्यंत चौकटीत येतात आणि एकमेकींकडे झुकत नाहीत. किनारा लांब असतो तसा उंचही असतो, हे विस्तीर्ण दृश्याच्या नादात आपण विसरतो.

वेळ निवडायची १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतली. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या, जागच्या जागी. ढगाळ उजेडात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ २२ ठेवलं तर शटर १/३० सेकंदाच्या आसपास येतं, आभाळ दाटलं तर त्याहून मंद. तिपाई लागतेच, आणि ओल्या रेतीत तिचे पाय रुततात. पायांखाली फळ्या घालायच्या. मग जवळच्या बोटीच्या बुडावरचे रंगाचे पोपडे, नाळेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि पलीकडच्या काठावरची झाडं एकाच निगेटिव्हवर धारदार येतात. सहा चौकटी भराव्यात, आणि नारळी पौर्णिमा होऊन बोटी पाण्यात गेल्या की त्याच जागी पुन्हा तिपाई लावावी.