सुमोचा आखाडा : अदब आणि एक सवाल

टोकियोच्या र्‍योगोकू भागातले कोकुगिकान आम्ही पाहिले. १९८५ साली सुरू झालेल्या या सभागृहात दरवर्षी जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये सुमोच्या पंधरा दिवसांच्या स्पर्धा भरतात. सकाळी नवशिके मल्ल लढतात, तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामे असते. नामवंतांच्या कुस्त्या संध्याकाळी होतात. खालच्या चौकोनी जागांत बूट काढून गादीवर बसायचे. आम्हाला मांडी घालणे काही जड गेले नाही!

मातीच्या ओट्यावर ४.५५ मीटरचे रिंगण. मल्ल मीठ उधळतात, भिडतात, आणि बहुधा काही क्षणांतच निकाल लागतो. हरलेला झुकतो, जिंकलेला नाचत नाही. इजिप्तचा ओसुनाअराशी रमजानचे रोजे ठेवून याच खेळात लढला.

या ओट्यावर स्त्रीला मात्र मज्जाव आहे. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू शहरात भाषण करताना महापौर ओट्यावरच कोसळले. मदतीला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगण्यात आले. सुमो संघाच्या अध्यक्षांनी पुढे माफी मागितली. नियम तसाच राहिला. परंपरेची कदर आम्हालाही आहे, पण जीव वाचवणारा हात कोणाचा, हे विचारत बसू नये. मुलांना सुमोची अदब जरूर दाखवावी, आणि ही गोष्टही सांगावी.