ज्यांचा पूर्वज बैल होता

माणूस आणि जनावर : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण रेनडिअर पाळणाऱ्या एवेंकींच्या जंगलात होतो. आज बैकल सरोवराकाठी, बुर्यातांकडे. मंगोल कुळातले हे लोक सरोवराच्या दोन्ही बाजूंना राहतात. रशियातल्या बुर्यातिया प्रजासत्ताकाची राजधानी उलान-उदे हे त्यांचं मुख्य शहर.

पश्चिमेकडच्या बुलागात टोळीची वंशकथा बैलापासून सुरू होते. बुखा नोयोन हा निळसर करड्या रंगाचा दैवी बैल. ताइजी खानाच्या ठिपकेदार बैलाशी त्याची झुंज जुंपली, आणि त्या काळात खानाच्या मुलीला त्याच्यापासून दिवस गेले. जन्मलेलं पोर लोखंडी पाळण्यात वाढलं, तोच बुलागात. मात्वेय खांगालोव (१८५८–१९१८) या बुर्यात अभ्यासकाने अशा कथा टिपून ठेवल्या. तुन्का खोऱ्यात डोंगरउतारावर एक पांढरा खडक आहे. बुखा नोयोन तिथे शिळा होऊन बसला, असं मानतात. पुढे बौद्ध लामांनी त्याला रिनचिन खान म्हणून आपल्या दैवतांत घेतलं आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी त्याला एका संताचं नाव दिलं. नावं बदलली, पण लोकांनी तिथे जाणं सोडलं नाही.

मूळपुरुषाचा मान घोड्याला न मिळता बैलाला का मिळाला? एक कारण गवतात सापडावं. घोडा खुराने बर्फ उकरून चरतो; गाईला ते फारसं जमत नाही. तिला हिवाळाभर साठवलेलं गवत लागतं. म्हणून पश्चिमेचे बुर्यात ‘उतुग’ राखत: शेण घातलेली, पाणी खेळवलेली गवताची कुरणं. गुरांच्या शेणावर गवत, गवतावर गुरं आणि गुरांवर घर. वर्षभर माणसाला एका जागेशी बांधणारं हे जनावर वंशकथेत मूळस्थानी बसलं, तर नवल नाही.

गुराचं पावित्र्य रोज जाणवतं ते दुधात. पांढरा रंग शुभ, त्यामुळे दुधाचे पदार्थ म्हणजे ‘पांढरं अन्न’. ते पाहुण्यापुढे आधी येतं, आणि त्यातला पहिला वाटा चुलीतल्या अग्नीला जातो. दूध सांडून ते पायदळी येणं अशुभ. गाईचं दूध आंबवून कुरुंगा करतात, तो उकळून तारासुन ही दारू गाळतात, आणि मागे उरलेला आंबट चोथाही वाया घालवत नाहीत. सायीत पीठ शिजवून केलेला सलामात मानाच्या पानात असतो. चांद्र नववर्षाचा सण सगालगान हा तर पांढऱ्या महिन्याचाच सण.

इथे मराठी वाचक अडखळेल, कारण बुर्यात गोमांस खातात. कडक थंडी पडली की हिवाळ्याच्या बेगमीसाठी धष्टपुष्ट जनावर कापतात, मांस गोठवून ठेवतात आणि नातेवाइकांत वाटे पोचवतात. इथे पावित्र्य ‘खायचं नाही’ या नियमात नसतं. ते कसं घ्यायचं, कुणाला आधी द्यायचं, काय वाया घालवायचं नाही, या शिस्तीत असतं. मात्र काही जनावरं त्यातूनही वगळलेली असतात. विधी करून, रंगीत फिती बांधून देवाला वाहिलेल्या जनावराला ‘सेतेर’ म्हणतात. ते विकायचं नाही, मारायचं नाही. आपल्याकडे देवाच्या नावाने पोळ सोडत, त्याच जातीची ही प्रथा. कळपातलं एखादं जनावर असं बाजूला काढलं, की उरलेला कळपही आपल्याला दिलेला आहे याची आठवण राहते.

सोव्हिएत राजवटीने नेमकं हेच नातं तोडायला घेतलं. १९३० च्या सुमारास सामुदायिक शेती लादली गेली. गुरं सरकारजमा होण्यापेक्षा मारलेली बरी, म्हणून अनेकांनी स्वतःचे कळप कापले. शामान (त्यांचे देवऋषी) आणि लामांवर वरवंटा फिरला. तरीही ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत बुर्यात सामुदायिक शेतांवर जाऊन पाहिलं, तेव्हा नातेसंबंधांची आणि विधींची जुनी वीण आतून शाबूत होती. १९९० पासून सगालगान पुन्हा उघडपणे, सरकारी सुट्टी घेऊन साजरा होतो. कळप मालकीचा असो वा सरकारी, पहिला घोट अग्नीला देण्यापुरतं दूध घरात होतं, आणि परंपरेला टिकायला तेवढं पुरलं.

पुढच्या भागात : मंगोल घोडा, आणि त्याला नाव न ठेवणारे त्याचे मालक.